नकाशांच्या खोलीतला उजेड

प्रिय धाकटीस,

ताईचा आशीर्वाद. तुझ्या यजमानांना आज दुपारी मी आमच्या नकाशांच्या खोलीत रंगेहाथ पकडले, म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले. घाबरू नकोस, प्रकरण विजेचे आहे. तुझी मान कशी आहे? सांगितलेला व्यायाम करतेस, की नुसत्या उशा बदलतेस?

विद्यापीठाने सगळ्या इमारतींत कमी वीज खाणारे नवे दिवे बसवले, हे यजमानांनी सांगितलेच असेल. (नसेल, तर का नाही ते पुढे कळेल.) खोलीत कोणी हालले की दिवा आपोआप लागतो, सगळे स्तब्ध झाले की थोड्या वेळाने विझतो. वर शर्यत लावली: या सत्रात ज्या इमारतीचा मीटर सर्वांत कमी फिरेल, तिला लिफ्ट. लिफ्ट आमच्या भूगोलाच्या इमारतीला नाही आणि समोरच्या, तुझ्या यजमानांच्या गणिताच्या इमारतीलाही नाही. मी पडले कार्यालय अधीक्षक, कंबर कसली. चहाची किटली कपाटात घातली, विभागप्रमुखांना खिडकीशी बसवले. (कुरकुरले. बसले.) तरी आमचा मीटर उंडारलेल्या वासरासारखा पळतोच आहे, आणि समोरची इमारत अशी काळीकुट्ट, की मला त्यांच्या संयमाचा हेवा वाटू लागला!

आज फेरी मारताना नकाशांच्या खोलीच्या दाराखाली उजेड दिसला. (नकाशांना ऊन लागू नये म्हणून त्या खोलीला खिडकीच नाही.) तिथे नकाशांखेरीज कोणी नसते, आणि नकाशे हालत नाहीत. दार ढकलले, तर अख्खा गणित विभाग टेबलाभोवती पेपर तपासत बसलेला! आमच्या उजेडात, आमच्या पंख्याखाली! मला पाहताच सगळे पुतळ्यासारखे गोठले. दिवा विझला की ही बाई निघून जाईल, असा त्यांचा हिशेब. मीही आत शिरून दार लावून घेतले आणि श्वास रोखून उभी राहिले. अगं, खरेच विझला! मग त्या मिट्ट अंधारात मी खणखणीत हाक मारली, "प्राध्यापक!" सगळ्याच माना एकदम वर झाल्या आणि लख्ख उजेड पडला. तुझे यजमान म्हणतात, "ताई, तुमच्याकडचा उजेड डोळ्यांना फार मानवतो हो."

"मानवेलच," म्हटले, "फुकटचा आहे ना!"

शनिवारी मीटरची अखेरची नोंद. अजून गाठता येईल, धाकटे! नुसत्या विचाराने मला एका जागी बसवत नाही. लिफ्ट मला स्वतःला नकोच आहे, मी अजून तिन्ही मजले न थांबता चढते. पण दुसऱ्याच्या दिव्याखाली बसून आपला मीटर वाचवायचा, ही काय रीत झाली? माणसाला चाड हवी. हे त्यांना जेवताना ऐकव, तोंडात घास असताना, म्हणजे उलट बोलता येणार नाही.

तुझी,
ताई

ता. क. न थांबता चढते हे खरे नाही. दुसऱ्या मजल्यावर सूचनाफलक वाचायच्या निमित्ताने थांबते. सगळ्या सूचना पाठ झाल्या आहेत.

ता. क. आणखी एक. यजमानांची विभागातली खोली ते तासावर गेले की रिकामी असते. तिची दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे ना? आमचे गुणतक्ते शनिवारच्या आत व्हायचे आहेत. माणसे थोडीच आहेत, आवाज करणार नाहीत. उद्या माझ्यासाठी म्हणून एक बंद डबा त्यांच्याच हाती पाठव. आत काय आहे, ते सांगू नकोस.

तुझ्या ताब्यात दिले: यजमान एक, सुस्थितीत; त्यांचा टेबलावर राहिलेला चष्मा; लाल पेने; आणि हे चिकटवलेले पाकीट, त्यांच्याच खिशात. पोच डब्यातून यावी.