बिनमाणसाचा कोट

ता. ४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बैठकीच्या भिंतीवर अखेर चित्र लावलं. सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नात दिसावं तसं: समुद्रकाठी एक कोट उभा, आत माणूसच नाही आणि कॉलरमधून ढग निघालाय. मूळ चित्र संग्रहालयात असतं, ही त्याची उत्तम प्रत. सुती कागद, शंभर वर्षं न विटणारी शाई. दुकानातल्या बाईंनी हातमोजे घालून ती उलगडली, तिथेच मी विरघळले.

बाबांनी कपाळाला हात लावला. शंभर वर्षं टिकणारं घ्यायचं होतं तर निदान कळणारं तरी घ्यायचं, म्हणाले. आई गेल्यापासून वर्षभरात एवढं लांब वाक्य ते बोललेच नव्हते. टेलरिंगचं दुकान बंद केल्यापासून मशीनवर चादर आहे ती आहेच. तू त्यांना समजावशील?

माया आहेच, ती उतू जाऊ दे.
तुझी चिमणी

ता. ११ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

दादाने माझं कधी ऐकलंय? चित्र मात्र काढू नकोस. चिडतोय म्हणजे धुगधुगी आहे. आणि बिनमाणसाच्या कोटाचं मला काय कौतुक? तुझे काका रोज कोट घालून पेपर वाचतात, आत आहेत की नाही कळत नाही.

तुझी आत्या

ता. २ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबा हल्ली चहा चित्रासमोर घेतात. मला वाटलं, आवडलं. काल म्हणाले, चित्रकाराला कोट कळत नाही. डावी बाही चुकीची बसवलीय, घालणाऱ्याचा हात वर जायचा नाही. आत कोणी नाहीच तर काय बिघडलं, असं मी मुद्दाम म्हटलं. तर उसळलेच. कोट शिवायचा तो आत कोणीतरी येणार म्हणूनच, म्हणाले. डोळे भरले होते. मी कप विसळायला आत गेले.

परत आले तर चादरीची घडी खुर्चीवर आणि बाबा मशीनला तेल घालतायत! आईच्या कोटासाठी आणलेलं निळं लोकरी कापड त्यांनी काढलंय. तिचा राहिला, आता तुला शिवणार म्हणतात. खांदा, छाती, बाही, सगळं माप लगेच कळव.

तुझी चिमणी

ता. ८ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकांना वाचून दाखवताना दोनदा थांबावं लागलं. माप काही पाठवत नाही. रविवारी सकाळच्या गाडीने मीच येते, चांगली आठ दिवस राहते. दादाला सांग, टेप गळ्यात घालूनच दार उघड, आणि माझी कंबर मोजताना एक अक्षर बोललास तर याद राख.

तुझी आत्या