चेहरा तेवढा राहिला

१२ ऑक्टोबर १९३१
मी शिकवायचो तेव्हा वर्गभर पाट्यांवर पेन्सिली एकदम करकरायच्या. तो आवाज आज गाडीतून उतरताना कानात पुन्हा घुमला. न्यायला ऑल्डन थॅचर आला होता. माझा सर्वांत लाडका विद्यार्थी, आता मासिकांतून भयकथा लिहितो. मॅसॅच्युसेट्सच्या या किनाऱ्यावर त्याचं आजोळचं घर आहे. हिवाळाभर मी इथेच राहणार. जेवायला शिंपल्यांचं दाट सूप, खिडकीबाहेर खाजणाच्या खाऱ्या दलदलीवर सोनेरी ऊन. पाठ केलेल्या कविता आपोआप ओठांवर आल्या.

१४ ऑक्टोबर
जेवताना वाद रंगला. ऑल्डनच्या प्रत्येक कथेत ऐन क्षणी ‘ते शब्दांत सांगता येत नाही’ असं येतं. मी म्हटलं, हा शुद्ध आळस. वर्गात शून्य दिलं असतं. तो हसला. म्हणाला, मास्तर, धुकं पडलं की खाजणात काहीतरी उभं राहतं, वर्षानुवर्षं माझ्या खिडकीकडे बघत. तुम्हीच ते शब्दांत उतरवून दाखवा की! मी लगेच दौत मागवली.

१७ ऑक्टोबर
धुकं. दिसलं. आज त्याचे हात लिहिले : गुडघ्यांखाली लोंबणारे, नखांच्या जागी शिंपल्यांच्या धारदार कडा. वाचून ऑल्डननं मला मिठीच मारली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, कौतुकाचं.

१९ ऑक्टोबर
त्याची पाठ लिहिली, चाल लिहिली. आधी नुसता काळा डाग होता. आता मी लिहिलं तस्संच दिसतं. कुंपणाच्या आत आलंय. माझ्या खिडकीखाली. ऑल्डनच्या नव्हे.

२० ऑक्टोबर
ऑल्डन सकाळीच बॉस्टनला निघून गेला. न सांगता. स्वयंपाकीण डोरकासबाई माझ्यावरच उखडली – शिकलेली माणसं ना तुम्ही? इथला कोळी धुक्यात काही दिसलं तर घरी येऊन ‘हवा खराब होती’ एवढंच म्हणतो! जो त्याला रूप देतो त्यालाच ते न्यायला येतं. चेहरा मिळाला की आत शिरतं. मी विचारलं, ऑल्डनला ठाऊक होतं? ती म्हणाली, न ठाऊक असायला काय झालं, दर सुट्टी इथेच काढलीय त्यानं.
म्हणजे कथांतली ती रिकामी जागा आळस नव्हता. आणि ती मिठी –
बाईही गेली. इथून सुटायला बस आता थेट उद्या संध्याकाळी.

२१ ऑक्टोबर
चेहरा लिहिलेला नाही. लिहिणार नाही. कसलाच चेहरा मनात आणायचा नाही. पण कालपासून डोळ्यांसमोर एकच – ज्याला मी कविता शिकवल्या, तोच –

दुपार. दारावर थाप. ऑल्डन! परत आलाय! मास्तर, चुकलो, उघडा ना, म्हणतोय. खिडकीतून बघितलं. तोच चेहरा, हुबेहूब. आणि खाली हात – गुडघ्यांच्याही –