पाच नंबर अजून चालू

२ डिसेंबर

नापास!

पुण्याच्या प्रयोगशाळेत माझा रेडिओ टॅग बंद खोलीत ठेवून मोजला. मुख्य लहर मर्यादेत. पण दुप्पट वारंवारतेवर एक टोक मर्यादेच्या रेषेवर गेलं. जरासंच. जरासं म्हणजे नापासच. तिथला इंजिनिअर म्हणाला, "अँटेनाआधी फिल्टर टाका आणि परत या."

परत या म्हणजे परत पूर्ण फी. माझ्याकडे आणखी एका चाचणीपुरते पैसे आहेत. तिसरीचे नाहीत.

एसटीत संगमनेरपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. चेहरा कुणी बघायला नको.

५ डिसेंबर

फिल्टर बसवला. टेबलावर टोक खाली दिसतंय. पण माझं मोजायचं यंत्र जुन्या बाजारातलं.

८ डिसेंबर

अजिनाथ मुकादमाने घोळ केला.

त्याची ऊसतोड टोळी पुणतांब्याच्या अलीकडे उतरलीय. माझे आठ टॅग तिथल्या पोरांच्या करदोट्यात आहेत. आई ऊस तोडायला फडात असते, पोर कोपीपाशी, म्हणजे पाचटाच्या झोपडीपाशी. पोर कोपीपासून लांब गेलं की खांबावरचं केंद्र, म्हणजे टॅगचा संदेश ऐकणारी पेटी, ते ओळखतं आणि आईच्या मनगटावरचा बझर वाजवतं. एवढंच काम. त्या भागात उसात बिबटे आहेत, म्हणून.

अजिनाथने त्याचा व्हिडिओ करून सगळीकडे पाठवला. वर माझं नाव!

आज फोन आला. "मॅडम, रेडिओला मंजुरी आहे का?" मी विचारलं, "आपण कोण?" फोन बंद. अधिकारी? की कुणी सहज चौकशी करणारा? कळायला मार्ग नाही.

९ डिसेंबर

मंजुरीचा अर्ज बघणाऱ्या सल्लागाराला सगळं सांगितलं. तो चिडला. "मॅडम, आधी सगळे नग गोळा करा! अर्जासोबत लिहून द्यायचंय, एकही नग चालू नाही म्हणून. खोटं निघालं तर अर्ज बाद. शेतात काय चालतं ते शेतात. इथं कागद चालतो."

११ डिसेंबर

टोळीवर गेले. मंजुरी नाही, टॅग परत न्यावे लागतील, असं सरळ सांगितलं.

लंकाबाई, टोळीतली सगळ्यात म्हातारी, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "परवाना न्हाई म्हनून नेतीस व्हय? आगं, बिबट्याकडं तरी कुठाय परवाना!" सगळ्या हसल्या. मीही हसले, उशिरा.

सात मिळाले. आठवा, म्हणजे पाच नंबरचा, दिपालीच्या पोरीच्या, दिशाच्या कमरेला होता. दिपाली म्हणाली, "हरवलं ताई. टॅग बी आन् ते हातातलं बी." बोलताना पदर मनगटावर ओढून धरला होता.

मी पदराकडे बघितलं नाही. 'हरवला' असं लिहिलं.

बाकीच्या बायकांनी पोर कुठे आहे ते ऐकू यावं म्हणून पोरांच्या कमरेला परत घुंगरं बांधली. दिपालीने नाही बांधली.

शिडी मिळाली नाही. केंद्र खांबावरच राहिलं.

१२ डिसेंबर

केंद्राकडून घरच्या स्क्रीनवर पाच नंबर येतोय. दर मिनिटाला एक ठिपका.

फोन करायला हवा. केला तर मला माहीत आहे असं होईल. उद्या सही करायची आहे.

१३ डिसेंबर

इथूनच केंद्र बंद केलं. एक आदेश, की स्क्रीन कोरी.

टॅग बोलतोच आहे. फक्त ऐकणारं कुणी नाही. कागदावर शब्द असे आहेत — 'माझ्या माहितीप्रमाणे एकही नग चालू नाही.' माझ्या माहितीप्रमाणे! आता माहितीच येत नाही.

सही केली. अक्षर माझ्यासारखं आलं नाही.

१५ डिसेंबर

पास!! टोक रेषेच्या बरंच खाली. सल्लागार म्हणाला, "अभिनंदन. आता नमुन्यात काही बदलू नका. बदललं की सगळं पहिल्यापासून."

घरी येऊन सर्किटची आकृती फाइलला लावायला काढली. सहज बझरच्या बाजूने वाचत गेले.

केंद्राने सांगितलं तरच बझर वाजतो. पोर जागेवर असेल तर गप्प. केंद्र बंद पडलं तरी गप्प. दोन्ही गप्प सारखेच! हे मी काढलंय. मीच तपासलंय. वर पासही झालंय.

आणि दिपालीच्या मनगटावर तो बझर आहे. मला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत होतं.

तिचा फोन कव्हरेजबाहेर. अजिनाथचा बंद. केंद्र बंद केलं की इथून चालू होत नाही, तेही मीच तसं ठेवलंय. उजाडताच गाडी काढते. देवा, दिशाची आजची रात्र कोपीत जाऊ दे.

१६ डिसेंबर

दिशा ठीक आहे. आधी हे लिहिते.

पोचले तेव्हा दिपाली हंडा घ्यायला फडातून कोपीकडे येत होती. मला बघून मनगट मागे नेलं. मग स्वतःच पुढे केलं. "लबाड बोलले ताई. नेऊ नका पन. लई भारी यंत्र हाय. आधी दिसातनं कितीदा वाजायचं. तीन दिस झाले, एकदा बी न्हाई. म्हनलं, पोरगी शहानी झाली. आता मी मान वर करून बघत बी न्हाई."

पाण्याच्या पिंपावर चढून मी केंद्राच्या तळाचं बटण तेवढं दाबलं.

मिनिटभराने तिचा बझर कर्कश वाजायला लागला.

"आगं बया! तुमी हात लावला आन् बिघडलं की!" ती हसत होती.

मी पिंपावरून उडी मारली. दिशा पलीकडच्या उभ्या उसात होती, पाल्यात बसून माती खात होती. उचलून तिच्या तोंडातली माती काढली. दिपाली मागून पळत आली. तिला सगळं सांगितलं. ती एकच बोलली, "तुमाला ठावं हुतं?"

हो म्हणाले.

१७ डिसेंबर

सल्लागाराला लेखी कळवलं. सही करून लिहून दिलेलं खोटं होतं. नमुनाही बदलतेय, आता केंद्र गप्प झालं की बझर वाजेल. पाच नंबर दिशाच्या कमरेलाच आहे. चालू. शेजारी घुंगरू मी बांधलं.