हिरडीवरची गाठ

आई,

नमस्कार आधी, भांडण नंतर.

हिरडीवर लाल गाठ आलीय, दात घासताना रक्त येतं, एवढंच मी फोनवर म्हणाले. तू फक्त 'गाठ' ऐकलंस आणि कॅन्सर म्हणून गावभर केलंस. मावशीने फोन करून विचारलं, "जावयांचं आता कसं व्हायचं?" मी अजून आहे म्हणावं तिला.

इथे कारखान्यात शर्ट शिवताना पांढऱ्या कॉलरवर रक्ताचा थेंब पडला, तर मुकादम माझ्यावरच ओरडला. दातांच्या डॉक्टरने पू झालाय म्हणून गोळ्या दिल्या, फरक शून्य. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी कधी आली होती?" मी चिडलेच. दात दाखवायला गेले होते मी.

त्यांनी तपासण्या केल्या, गाठीचा तुकडाही लॅबमध्ये पाठवला. कॅन्सर नाही. नाव पायोजेनिक ग्रॅन्युलोमा, म्हणे पुवाची गाठ, आणि आत पुवाचा पत्ता नाही. दिवस गेले की काहींना हिरडीवर अशी गाठ येते, बाळंतपणानंतर बहुतेक जिरते.

रक्त अजून येतं. बाबांचा खोकला कसा आहे?

आता हेही गावभर कर, मावशीपासून सुरुवात कर. आणि सगळ्यांना सांगून झालं की इकडे ये. मला तू हवी आहेस.

तुझी धडधाकट लेक