सुगीची फेरी आणि ईनॉकचा हात

गिरणीजवळचं शेत,
३ ऑक्टोबर १९५३

ती. डॉर्कसताईस, सा. न. वि. वि.

जॅम पोचला. रविवारी चॅपेलला आले नाही, कारण तोंड दाखवण्यासारखं नव्हतं. दूध सांडलं म्हणून ईनॉकनं तीच बादली तोंडावर मारली. दोन दात गेले. मग स्वतःच मीठपाणी गरम करून दिलं, रडला, म्हणाला, तू मला चिडवतेस तरी कशाला. तरी नवरा म्हणून त्याच्यापाशीच राहते; तू मला वेडी म्हणशील, म्हण. शनिवारी चॅपेलच्या सुगीच्या फेरीला, म्हाताऱ्यांना दान वाटायला, मात्र सोडणार आहे. चॅपेलच्या बायकांच्या तोंडांना तो भितो.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

ॲनिस

हुल्म एंड, ६ ऑक्टोबर

चि. ॲनिसला, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना पाव करपला. माझ्या चुलीवर असं कधी होत नाही. क्षमा कर असं देव सांगतो, पण दात काढून दे असं कुठं सांगितलंय?

फेरी नेहमीसारखी जुन्या रेल्वेच्या वाटेनंच. रूळ उखडले तरी वाट सपाट आहे, तुझा पाय लचकायचा नाही. टोपलीत खाली कपडे, वर भोपळा. वॉटरहाऊसेसला फेरी सोडून लीक गावाची बस धर, पुढं साउथपोर्टला एडनामावशी. तिला कळवलंय. ईनॉक मागे लागलाच तर पुलावरूनच येईल, आणि पुलावर चॅपेलच्या बॅगनॉलकाकू उभ्या राहतील. नदीला पाणी आलंय, दुसरीकडून वाट नाही.

पत्र चुलीत घाल. माया काय, ती आहेच.

डॉर्कस

हुल्म एंड, १२ ऑक्टोबर

चि. ॲनिसला, आशीर्वाद.

तू मागं न बघता गेलीस ते बरं केलंस. आता मागं काय झालं ते ऐक.

पाणी आलं होतं ते आमच्याकडे. तुमच्या गिरणीखाली नदी अजून चुनखडीच्या पोटातच, जमिनीखालून वाहत होती, वरचं पात्र कोरडंच. गुहेच्या वळणावर तुला पुढं पाठवलं आणि ईनॉक कोरड्या पात्रातून सरळ धावत आला, हातात गुरं हाकायची काठी. चेटकिणींनो, माझी बायको चोरता काय, म्हणून ओरडत होता. बॅगनॉलकाकू पुलावरून धापा टाकत पात्रात त्याच्यासमोर आल्या. म्हणाल्या, चोरत नाही रे बाळा, आमची आम्ही परत नेतोय. त्यानं काठी हाणली, त्यांचा कान फाटला. रक्त बघितलं आणि आम्ही बायकांनी म्हाताऱ्यांसाठी नेलेलं सगळं सुगीचं दान त्याच्या डोक्यात घातलं. सलगम, बीट, भोपळे. साल्टबाई एकेका बटाट्याबरोबर स्तोत्राची एकेक ओळ म्हणत होत्या.

तरी तो बांध चढून वर आमच्या वाटेवर आला आणि त्यानं माझा गळा धरला. डोळ्यांपुढं अंधार आला. हाताला एक दगड लागला, तो मी त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. मला बरं वाटलं, ॲनिस. त्याबद्दल प्रार्थना करायला बसते, पण शब्द येत नाहीत.

पोलिसाला आम्ही सगळं खरं सांगितलं. काकूंचा कान बघून त्यानं आमच्याविरुद्ध काही न लिहिता वही मिटली. ईनॉक घरीच आहे. तुझं नाव घेऊन रडतो म्हणे.

मावशीला कामात मदत कर.

डॉर्कस

साउथपोर्ट, १३ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न.

रागावू नकोस. माणूस अंथरुणाला खिळला असणार, एका हातानं घास कसा घेत असेल? गाई कोण पिळतं? हाड मोडलं की माणूस मऊ होतो, असं इथल्या एक बाई म्हणाल्या. शुक्रवारी निघते. तुझ्या उपकारांवर पाणी ओततेय असं समजू नकोस.

ॲनिस

हुल्म एंड, १५ ऑक्टोबर

चि. ॲनिसला,

शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, या आज्ञेप्रमाणे काल सूप घेऊन गेले. गाई शेजारचे गूल्ड पिळतात, त्याची काळजी सोड. ईनॉक खुर्चीत होता, उजवा हात गळ्यात बांधलेला. सूप गार आहे म्हणाला. तेवढ्यात तुमची कुत्री मला बघून भुंकली. त्यानं चुलीचा चिमटा डाव्या हातानं उचलला. दोन घाव. कुत्री परत उठली नाही. तिला मीच कुंपणापाशी पुरलं.

मी मोडला तो एक हात, ॲनिस. दुसरा शाबूत आहे.

तुझी ताई

साउथपोर्ट, शुक्रवार

ताई,

पत्र आलं तेव्हा मी टोपी घालून दारात उभी होते. टोपी काढून खुंटीला लावली. मावशी म्हणाली, उभी काय राहिलीस, बटाटे सोल. सोलतेय.

ॲनिस