झाकलेला मासा

दादा,

आईच्या आजारपणात तू आला नाहीस, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, "मला भाऊच नाही." त्याला सहा वर्षं झाली. पण दंडावरचे दोन मासे कुठे जाणार? पहिली नोकरी लागल्यावर दोघांनी सारखेच गोंदवून घेतलेले, एक मोठा, एक धाकटा. आज त्याच गोंदणाऱ्या बाईंकडे जाऊन म्हटलं, "यावर पानं काढा. खालचं दिसता कामा नये."

मोठा मासा झाकून झाला, तेव्हा सुई पुसत त्या म्हणाल्या, "तुमचे दादाही येऊन गेले मागच्या महिन्यात."

"झाकायला?"

"छे हो! फिके पडले होते, गडद करून घेतले. दोन्ही."

मी हात ओढून घेतला आणि तसाच उठलो.

आता पानांशेजारी धाकटा मासा एकटाच आहे. रागवावं कोणावर, तेच कळेना. तू का आला नाहीस, हे मी कधी विचारलंच नव्हतं. उद्या बाही वर करून तुझ्या दारात उभं राहावं, की जन्मभर लांब बाह्यांचे शर्ट घालावेत? हे पत्र मात्र पेटीत टाकणार नाही, एवढंच नक्की.

तुझा म्हणू की नको,
धाकटा