वाटणीतला कॉम्प्युटर

सोम., ३ नोव्हें.
कॉम्प्युटर पुन्हा रुसला. नाताळच्या गीतांची पुस्तिका लावायला बसले, दोन गीतं झाली आणि प्रोग्राम गपकन बंद. केलेलं सगळं गायब. परत उघडला, परत तेच. गेला आठवडाभर हेच चाललंय. दर वर्षी ही पुस्तिका आमच्या घरून निघते, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चच्या मंडळीच्या हातात असते. यंदाही असणार, त्यात बदल नाही.
हे म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." म्हटलं, दूध संघातल्या माणसाने कॅन मोजावेत.

मंगळ., ४ नोव्हें.
कॉम्प्युटरचा डबा उघडून कोरड्या ब्रशने धूळ काढली. चिक्कार निघाली. प्रोग्राम तरीही बंद.
वाटणीआधी हे असलं कधी झालं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून हे आणि भावजी भांडले, तेव्हा घर वाटलं. भांडी वाटली तसं आम्हा जावांचं छपाईचं कामही वाटलं. कॉम्प्युटर थोरलीला, प्रिंटर धाकटीला. पंचांना वाटलं न्याय झाला. आम्हाला कुणी विचारलं नाही. भाऊ बोलत नाहीत म्हणून जावाही बोलत नाहीत. धाकटी सुनीता पाटापलीकडे राहायला गेली, हाकेच्या अंतरावर. पण मी थोरली. मी का आधी बोलू?

गुरु., ६ नोव्हें.
डबा मांडीवर घेऊन एसटीने संगमनेर. दुकानदाराने चालू करून बघायचीही तसदी घेतली नाही.
"ताई, विंडोज उडवून नवीन टाकावं लागंल. आतलं राहील याची ग्यारंटी न्हाई."
आत आम्हा दोघींनी इतक्या वर्षांत लावलेली सगळी गीतं आहेत. रोगापेक्षा इलाज भयंकर. नाव मोठं लक्षण खोटं असलं दुकान. तशीच परत आले. मांडी अजून दुखतेय. कॉम्प्युटर मीच बरा करणार.

शनि., ८ नोव्हें.
पित्त उठलं की आई रोज एकेक पदार्थ बंद करायची. आज चहा नाही, उद्या वांगं नाही. ज्या दिवशी अंग शांत राहिलं त्या दिवशी चोर सापडला. तीच रीत इथे. एका वेळी एकच गोष्ट काढायची.
आज नवे फॉन्ट काढले. फरक नाही. परत घातले.
व्हायरसची तपासणी. एकही नाही. उगाच बदनाम बिचारे.

सोम., १० नोव्हें.
धागा लागला! नुसतं टाईप करत राहिलं तर दुपारभर चालतो. बंद पडतो तो पानाचा आकार निवडताना, नाहीतर छापल्यावर पान कसं दिसेल ते बघताना. म्हणजे दुखणं पानाशी आहे. हे लक्षात आलं तेव्हा पोळी करपली. करपू दे.
यांना सांगितलं. "मंग आता?" म्हणाले. आता काय, पकडणार.

बुध., १२ नोव्हें.
पकडला.
पानाची मापं हा प्रोग्राम प्रिंटरला विचारतो. प्रिंटरची यादी उघडली. पहिलंच नाव "सुनीता", शेजारी हिरवी खूण, म्हणजे नेहमीचा प्रिंटर हाच. प्रिंटर नवा आला तेव्हा तिनेच हसत हसत नाव घातलं होतं. म्हणजे वाटणी झाल्यापासून हा खुळा दर वेळी तिला हाक मारतोय आणि उत्तर आलं नाही की मान टाकतोय. पंचांना सांगायला हवं, तुमच्या न्यायात हे बसलं नव्हतं.
खूण काढून दुसऱ्यावर केली, कागदाऐवजी फाईल काढून देतो त्याच्यावर. पान उघडलं. आकार बदलला. परत बदलला. मुद्दाम दहा वेळा छळला. हूं नाही की चूं नाही.
"सुनीता" या नावाखाली "काढून टाका" असंही होतं. तिथे बोट गेलं नाही. फार आठवण आली तिची. ती असती तर टाळी दिली असती.

शुक्र., १४ नोव्हें.
सगळी पानं लावून झाली. एकदाही बंद नाही. पाळकसाहेबांना मोबाईलवर पाठवली, तर म्हणाले, "बाई, मला स्क्रीनवर वाचता येत नाही. कागदावर आणा, मग चुका दाखवतो."
हे म्हणाले, "संगमनेरला काढून आन की." ते मलाही कळतं.
स्वयंपाकघरात जाऊन सुनीताला फोन लावला. मीच. थोरली असून.
उचलला. मीच म्हटलं, प्रिंटर चालू आहे ना?
"चालू हाय, ताई. दर रविवारी एक पान काढते. न्हाईतर शाई वाळती."
काय छापतेस?
"गेल्या सालच्या आपल्या पुस्तिकेचं पहिलं पान. फाईल मोबाईलमधी हुती." मग म्हणाली, "त्याच्यात सगळे रंग येत्यात म्हनून."
म्हटलं, प्रिंटर घेऊन ये इकडे.
"इचारते," म्हणाली. कुणाला ते कळलंच.

शनि., १५ नोव्हें.
सकाळी तिचाच फोन. उद्या उपासनेनंतर आणते म्हणाली. प्रिंटर जड आहे, तिला एकटीला झेपणार नाही. भावजींनाच गाडीवर घेऊन यावं लागेल, तेही आमच्या दारात.
प्रोग्राम सुधारला, त्याची मला काळजी नाही. या दोघा भावांचं काय करायचं ते मात्र सुचत नाही. प्रिंटर राहिला तरी चालेल. ती यावी.
यांना सांगून टाकलं, भावजींसकट सगळं. पेपर वाचत बसले होते. एक पान उलटलं. मग वर न बघता म्हणाले, "किती वाजता येनारेत?"
वेळ मी विचारलीच नव्हती.